अनुभव धागा: गोव्याच्या दमट हवेत कॅमेरा कसा जपता?

जून तोंडावर आलाय. 'कोरड्या जागी ठेवा' एवढंच नको. किती, कसं, किती वेळ तेही लिहा.

फोंडा
पहिला शत्रू बुरशी. कॅमेरा बॅगेत घालून लाकडी कपाटात ठेवणं म्हणजे तिला पाट मांडून बसवणं. आर्द्रता बराच काळ 60 टक्क्यांच्या वर राहिली की ती भिंगावर धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरातही 80 च्या पुढे सहज जाते. घट्ट झाकणाचा 20 लिटरचा डबा घ्या, पाव किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50 मध्ये हवा. 30 च्या खालीही नेऊ नका, रबर कडक होतं.
महिन्यातून एकदा लेन्स काढून मागून मोबाईलची टॉर्च तिरकी मारा. कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे. उशीर झाला तर बुरशीतलं आम्ल कोटिंग खातं. मग बुरशी निघते, डाग राहतो.

मडगाव
वरच्यात भर. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास ठेवा, परत कामाला येतात. निळे दाणे मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं.

मोरजी
किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. झूमची रिंग करकरली तर फिरवणं तिथेच थांबवा. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. वाळू अंगावर असताना काच पुसणं म्हणजे पॉलिश पेपर घासणं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) पुसा, मग कोरड्या फडक्याने. मीठ वाळलं की बटणं अडकायला लागतात.

पणजी
समुद्रात पडलाच तर 'चालतोय का' बघायला बटण दाबू नका. बॅटरी काढा, कार्ड काढा, त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला कोण देतं कळत नाही. मीठ आतच राहतं, वर पीठ जातं ते वेगळं.
एसी खोलीतून बाहेर निघताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून न्या आणि अर्धा-पाऊण तास उघडू नका. नाहीतर थंड काचेवर दव धरलंच.

माशेल
चिखलकाल्याला (चिखलात खेळायचा आपला सण): बॉडीवर पावसाळी कव्हर, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड, दिवसभर एकच झूम लेन्स. शिगम्याच्या गुलालाला ओलं फडकं लावू नका, रंग फटीत बसतो. कोरडाच झाडायचा.

वागातोर
रात्रीच्या पार्टीत लेझरचा झोत थेट लेन्समध्ये घेऊ नका. सेन्सरवर (आतली प्रकाश टिपणारी पट्टी) कायमची रेघ उमटते.

म्हापसा
सेन्सरवर धूळ आहे का बघायला एफ/16 ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर बॅटरी पूर्ण भरा, क्लीनिंग मोड (सेन्सर उघडा ठेवणारी सेटिंग) लावा, लेन्स काढून बॉडी तोंड खाली करून धरा आणि ब्लोअर मारा. नाही गेले तर स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची चपटी काडी: फुलफ्रेमला (मोठा सेन्सर) 24 मिमी रुंद, एपीएस-सीला (लहान सेन्सर) 16. सेन्सर साफ करायच्या द्रावाचे दोनच थेंब. एका बाजूने जायचं, काडी उलटून परत यायचं, की ती काडी कचऱ्यात. डाग राहिला तर नवी घ्या. तीच परत फिरवलीत तर काढलेला कण सेन्सरवरून ओढला जातो.