अगाथा ख्रिस्ती म्हणजे नुसती कोडी?

निशिगंधा: इंग्रज रहस्यकथा लेखिका अगाथा ख्रिस्तीबद्दल कडुलिंब यांनी परवा इथे लिहिलं, "अगाथा ख्रिस्ती म्हणजे कोडी घालणारी बाई. पात्रं पुठ्ठ्याची, भाषा सपाट." सोडून देणार होते, पण खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग बघून डोकं फिरलं. अहो, भाषा साधी आहे म्हणूनच पुरावा नाकासमोर असून दिसत नाही! 1926 साली तिची आई गेली, नवऱ्याने दुसरीसाठी घटस्फोट मागितला. डिसेंबरात बाई घरातून नाहीशी झाली ती 11 दिवसांनी इंग्लंडातल्याच हॅरोगेट गावच्या हॉटेलात सापडली. नाव कोणतं लावलेलं? त्या दुसरीचं आडनाव! आत्मचरित्रात या प्रकरणावर चकार शब्द नाही. हिला माणसं कळत नव्हती?

कडुलिंब: भोगलं म्हणून लेखन थोर होत नाही, ताई. कर्नल, पाद्री, मोलकरीण, कर्जबाजारी पुतण्या. नावं बदला, पुढचं पुस्तक तयार. सुरुवातीच्या पुस्तकांतले ज्यूंबद्दलचे शेरे तर वाचवत नाहीत.

औषधवाला: शेऱ्यांचं मान्य, बाकी नाही. माझं औषधांचंच दुकान आहे. पहिल्या महायुद्धात तिकडच्या टॉर्की गावच्या रेडक्रॉस इस्पितळात बाई औषधं तयार करायची, रीतसर परीक्षाही दिली. पहिल्याच कादंबरीत स्ट्रिक्नीन हे विष थोडंसं असलेल्या टॉनिकमध्ये ब्रोमाइड हे झोपेचं औषध पडतं, विष तळाशी बसतं आणि शेवटचा डोस जीव घेतो. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने पाठ थोपटली होती. नाहीतर आपले मालिकावाले! कसलंही विष, दोन सेकंदांत तोंडाला फेस.

बोरिवलीफास्ट: अहो!!! तीच वाचतोय मी. आत्ता. लोकलमध्ये.

औषधवाला: शंभर वर्षं झाली त्या पुस्तकाला.

बोरिवलीफास्ट: मग? माझ्यासाठी कालचंच आहे. आमच्या वाचनालयात एक नतद्रष्ट सभासद पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. तक्रार केली तर म्हणे खोडून वाचा. खोडायला आधी दिसावं लागतं ना!

झुंजारप्रेमी: आपल्या मराठीतल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्यावर असा एक धागा निघत नाही. साहेबीण आली की सगळे हजर.

निशिगंधा: काढा की मग. कोणी अडवलंय?

कडुलिंब: बोरिवलीफास्टनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. उत्तर कळल्यावर पुस्तक संपत असेल तर ते कोडंच.

निशिगंधा: अजिबात नाही. खुनी ठाऊक असूनही मी पुन्हा वाचते, बाईने फसवलं कुठे ते शोधायला. दुसऱ्या वाचनात वेगळंच पुस्तक हाती येतं.

बोरिवलीफास्ट: दुसऱ्या वाचनात! पहिलं तर होऊ द्या! 'कळलं तरी मजा येते' म्हणणाऱ्या प्रत्येकाने स्वतः न कळता वाचलेलं असतं. दुसऱ्याच्या ताटातला गुलाबजाम खाऊन वर पाक छान आहे म्हणून सांगताय.

औषधवाला: एवढा त्रास होतो तर ख्रिस्तीच्या धाग्यावर येता कशाला?

बोरिवलीफास्ट: शीर्षकात इशारा द्यायची पद्धत असते. दुकानातल्या बाटलीवर लावता ना लेबल?

कडुलिंब: लेबलाचा मुद्दा बिनतोड. आणि ताई, तुमच्या समाधानासाठी: 1926 ची ती गावातल्या डॉक्टरची कादंबरी घ्या साहित्यात. तिच्यात निवेदकाने जे काही

बोरिवलीफास्ट: एक शब्द पुढे लिहिलात तर बघा.