मदत हवी आहे: नाचणीच्या पेजेवर कोरा चहा!

नमस्कार ताई-दादांनो. मी जव्हारकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. दीड वर्षाच्या एका पोराचा दंडघेर ११.८ सेंमी, म्हणजे ‘मॅम’मध्ये (मध्यम कुपोषित). आजी रोज नाचणीची पेज भरवते, ते चांगलंच. पण लगेच बशीतून कोरा चहा पाजते! नाचणीतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. नाचणीला मोड आणून दळली, वर लिंबू पिळलं की फरक पडतो, तेही ठाऊक आहे. पण लिंबू लागलं की पोरगं तोंड फिरवतं. आवळा, शेवग्याचा पाला, पाल्यातलं ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागावं म्हणून चमचाभर तेल... कुणी काय, कसं मिसळून भरवलंत? आणि चहा सोडवायला आजीला काय सांगू? तिच्यापुढे माझं काही चालत नाही.