जीव गेल्यावर किती दिवस घुटमळतो? (अनुभव धागा)

देह सोडलेला जीव कुठे असतो, किती काळ असतो, या समजुतीवरच घरच्यांनी काय करायचं ते ठरतं. आपापल्या परंपरेतलं नीट माहीत असणाऱ्यांनी लिहावं. चुकतं कुठे, तेही सांगावं.

नाशिकहून

स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोकं पाडतात तो अश्मा, म्हणजे जीवखडा. दहाव्यापर्यंत तिलांजली त्यावरच द्यायची असते. गडबडीत तो तिथेच राहून जातो आणि मग शोधाशोध होते, म्हणून निघण्याआधीच एकाला उपरण्याच्या टोकाला बांधून घ्यायला सांगावं.

प्रेताला देह नसतो, तो पिंडांनी घडतो. पहिल्या पिंडाने डोकं, मग एकेक अवयव, आणि दहाव्याने भूक-तहान. कावळ्याचा घास दहाव्याला असतो तो म्हणूनच. हल्ली दहाही पिंड त्याच दिवशी देतात. घाटावर एका सकाळी कितीतरी दहावे असतात, कावळ्यांची पोटं भरलेली असतात. त्यात पिंडाभोवती माणसांचं कोंडाळं. लांब व्हा, गप्प राहा. तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. तो विधीला चालतो, तेव्हा ‘इच्छा राहिली’ म्हणून घरच्या बाईमाणसांना बोल लावू नये.

बाराव्याला सपिंडी. प्रेताचा लांबट पिंड दर्भाने तीन ठिकाणी तोडून वरच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. इथे प्रेतत्व संपतं, पितर होतो. तिन्ही नावं आणि गोत्र कागदावर लिहून न्या. पणजोबांच्या नावाला हमखास अडतं.

मुंबईहून

पारशांत रवान, म्हणजे आत्मा, तीन रात्री इथेच असतो, सरोश यझद हा देवदूत त्याला सांभाळतो. चौथ्या पहाटे चिनवट पूल, जिथे त्याचा निवाडा होतो. तोवर घरात मांसाहार नाही, दिवा तेवता. तिसऱ्या दुपारी उठमणा, म्हणजे निरोपाची प्रार्थना. चहारमच्या, म्हणजे चौथ्या दिवसाच्या, प्रार्थना मात्र उजाडण्याआधीच सुरू व्हाव्या लागतात, ती वेळ पुढे ढकलता येत नाही.

दखम्यांची, म्हणजे देह गिधाडांसाठी ठेवतात त्या मनोऱ्यांची, अडचण वेगळी. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण गिधाडं परतली नाहीत. मुंबईतले दखमे आहेत त्या डुंगरवाडीत उन्हाच्या उष्णतेने देह सुकवणारे सौर परावर्तक बसवले, तेही पावसाळ्यात मंदावतात.

सांगलीहून

जैनांत घुटमळणं नाहीच. जीव नव्या जन्मी जातो तो सरळ गेला तर एका समयात, वळणं घेत गेला तर जास्तीत जास्त चार समयांत. समय म्हणजे काळाचा सगळ्यात बारीक अंश, पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय होतात. मागून पोचवायला वेळच उरत नाही, म्हणून पिंड नाही, श्राद्ध नाही. जे करायचं ते श्वास असताना: कानावर णमोकार मंत्र, आणि उशाशी रडारड नको. नव्या देहात तो मावतो कसा, तर दिव्याचा उजेड गाडग्यात गाडग्याएवढा, खोलीत खोलीएवढा, तसाच जीव मुंगीत मुंगीएवढा, हत्तीत हत्तीएवढा.

नागपूरहून

बौद्धांत कायम टिकणारा आत्माच मानत नाहीत. भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला दिव्याचाच दाखला दिला होता: एका दिव्यावरून दुसरा लावला, पण पहिल्यातून दुसऱ्यात काही उठून गेलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी स्पष्ट आहे: श्राद्धपक्ष नाही, पिंडदान नाही. त्याऐवजी पुण्यानुमोदन, म्हणजे मृताच्या नावाने पुण्य वाटण्याचा कार्यक्रम. त्यात त्रिसरण, पंचशील, परित्राणपाठ (रक्षणाची सुत्तं म्हणणं), दान. घोळ होतो तो तारखेचा. नेमका तेराव्या दिवशी ठेवला की नातेवाईक त्याला तेरावाच म्हणू लागतात आणि कुणीतरी घास बाजूला काढून ठेवतं. सगळ्यांना जमेल असा रविवार धरा, पत्रिकेत ‘पुण्यानुमोदन’ एवढंच छापा.