ट्रेलरचे नाक वर राहिले तर बिघडते: ‘रानवाट’ यांच्या मताला उत्तर

देवगडकर

‘रानवाट’ यांनी परवा येथे लिहिले की पिकअपमागे फिफ्थ व्हीलचे (पिकअपच्या हौद्यातल्या हिच नावाच्या जोडावर टेकणाऱ्या, आत राहता येणाऱ्या ट्रेलरचे) नाक चार इंच वर राहिले तरी काहीही बिघडत नाही, इक्वलायझर (पुढच्या-मागच्या पाट्यांना जोडणारा झुलता दुवा) दोन्ही ॲक्सलवर भार आपोआप वाटून देतो आणि ट्रेलर उचलून घेणारे, म्हणजे चाकांवर त्याची उंची वाढवून घेणारे, लोक केवळ दिसण्यासाठी पैसे घालवतात. ते वाचून नुकताच ट्रेलर घेतलेली माणसे निर्धास्त होतील, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

किंगपिनपासून (नाकाखालच्या, हिचमध्ये अडकणाऱ्या पिनेपासून) दोन ॲक्सलच्या मध्यापर्यंत २३ फूट अंतर असलेल्या ट्रेलरचे नाक ४ इंच वर असेल, तर एकूण कोन एका अंशाहून कमी भरतो, हे मला मान्य आहे. परंतु त्याच कोनामुळे एकमेकांपासून ३५ इंचांवर असलेल्या दोन ॲक्सलच्या पातळीत सुमारे अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि ॲक्सलच्या मागे दहा फूट गेलेले शेवटचे टोक पावणेदोन इंच खाली येते. सांडपाण्याचा पाइप आणि मागचे टेकू नेमके तेथेच असतात. कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ट्रेलरमध्ये इक्वलायझर हा अर्धा इंच सामावून घेतो, तोही बुश (सांध्यांतल्या अस्तराच्या नळ्या) शाबूत असतील तर. पाट्यांऐवजी आतले रबर भार झेलते अशा टॉर्शन ॲक्सलमध्ये मात्र इक्वलायझर नसतोच. तेथे पूर्ण भाराखाली दाब बसतो तो जेमतेम दोन-तीन इंचांचा, आणि त्यात मागचा ॲक्सल पुढच्यापेक्षा अर्धा इंच अधिक दबला की मागच्या चाकांवर सुमारे दहा टक्के भार वाढतो आणि पुढच्या चाकांवर तेवढाच घटतो. १४,००० पौंडांच्या ट्रेलरचा पाचवा हिस्सा पिनवर गेला असे धरले, तर चार टायरांवर ११,२०० पौंड उरतात, म्हणजे प्रत्येकी २,८००. मागच्या टायरांचा आकडा ३,०८० वर जातो. स्वयंपाकघराची स्लाइड (बाहेर सरकणारा भाग) ज्या बाजूला आहे त्या बाजूचे आणखी काहीशे पौंड त्यात मिळवा, म्हणजे १६ इंची, ई या भारश्रेणीच्या टायरच्या साधारण साडेतीन हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत किती जागा उरते ते दिसेल. जुलै महिन्यात ॲरिझोनाच्या तापलेल्या रस्त्यावर फुटतो तो याच टायरांपैकी एक.

‘हिच खाली घ्या, काम फुकटात होईल’ हा सल्लाही अर्धवट आहे. नव्या फोर-बाय-फोर जड पिकअपचे हौदे इतके उंच झाले आहेत की हौद्याच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत जे साडेपाच-सहा इंच मोकळे राहायला हवेत, ते आधीच काठावर असतात. त्यातून दोन इंच काढून घेतले, तर पेट्रोल पंपाच्या उतारावर गाडी वाकडी होताच हौद्याची कड चेपते. अशा वेळी ट्रेलरच उचलावा लागतो.

रानवाट

आपला हिशेब टॉर्शन ॲक्सलचा आहे आणि माझे लिखाण कमानपाट्यांविषयी होते. माझा ट्रेलर नाक वर ठेवूनच टेक्सासहून कोलोरॅडोला अनेक उन्हाळे गेला आहे, चारही टायर सारखे झिजले आहेत आणि कॅट स्केलवरची (ट्रकच्या वजनकाट्यावरची) वजनाची पावती मर्यादेच्या आत आहे. माझ्या दृष्टीने हा पुरावा कोणत्याही गणितापेक्षा मोठा आहे.

आता उंचीबद्दल आपण एक शब्दही का लिहिला नाही? पूर्वेकडील बहुतेक राज्यांत कायदेशीर उंची १३ फूट ६ इंच आहे. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात १४ फूट आहे म्हणून सगळीकडे तशीच असेल असे नाही. ट्रेलर उचलण्यासाठी ॲक्सलखालचे पाटे ॲक्सलच्या वर घेतले की ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून पाच इंचांहून अधिक उंची वाढते. १३ फूट २ इंचांचा ट्रेलर मग १३ फूट ७ इंचांचा होतो. नॉर्थ कॅरोलायनातील डरहमचा रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता, २०१९ मध्ये तो १२ फूट ४ इंचांवर उचलला, तरीही त्याला धडकणे थांबलेले नाही. लोकांना आपल्या वाहनाची उंचीच ठाऊक नसते आणि आपण त्यांना ती वाढवायला सांगत आहात.

देवगडकर

दोन गोष्टी आपल्या नजरेतून सुटल्या आहेत. पिनची उंची हिच ठरवते, ॲक्सल नव्हे. नाक वर असलेल्या ट्रेलरचा सर्वांत उंच भाग बहुधा छतावरच्या पुढच्या एसीचे झाकण असतो, आणि मागून ट्रेलर उचलला तरी तो भाग जवळजवळ तेथेच राहतो. पिन आणि ॲक्सल यांच्या मधोमध असलेला एसी निम्माच वर जातो. खरी वाढ ॲक्सलच्या वर आणि त्यामागे होते. त्यामुळे १३ फूट २ इंचांत पाच इंच सरळ मिळवून चालत नाही. काम झाल्यावर टेप लावून मोजावे लागते. डरहमच्या पुलाखालून तर आपला ट्रेलर उचललेला असो वा नसो, जाणारच नाही.

दुसरी गोष्ट, कॅट स्केलवर ट्रेलरचे दोन्ही ॲक्सल एकाच पट्टीवर उभे राहतात. आपली पावती फक्त बेरीज सांगते. मागच्या ॲक्सलवर किती आणि पुढच्यावर किती हे जाणून घ्यायचे, तर एक ॲक्सल पट्टीबाहेर ठेवून पुन्हा वजन करावे लागते, किंवा एस्केपीज या ट्रेलरवाल्यांच्या संस्थेच्या स्मार्टवे वजनकेंद्रावर प्रत्येक चाक वेगळे तोलून घ्यावे लागते. आपण यांपैकी काय केले?

शरयू

येथे सगळे टायर आणि पुलांबद्दल बोलत आहेत, पण त्या दाराने आत-बाहेर कोण करते याचा विचार कोणीच केलेला नाही. माझे आई-बाबा साताऱ्याहून येतात ते पाच-सहा महिने राहतात, आणि प्रत्येक मुक्कामावर आईला पहिली पायरी चढताना हात द्यावा लागतो. ट्रेलर पाच इंच उचलल्यावर तीच पायरी गुडघ्याच्या उंचीवर गेली. उचलून देणाऱ्या कार्यशाळेने ही गोष्ट आम्हाला आधी सांगितली नाही, कारण त्यांच्या लेखी ट्रेलर म्हणजे फक्त चाके आणि सांगाडा असतो.

देवगडकर

शरयूताई, पायऱ्यांचा मुद्दा रास्त आहे. जमिनीवर टेकणाऱ्या घन पायऱ्यांचे पाय लांब करता येतात आणि वर एक जास्तीची पायरी लावता येते. तो खर्च सुरुवातीलाच धरायला हवा.

मिसूरीकर

इतक्या चर्चेची आवश्यकता नाही. मी दोन इंच बाय तीन इंचांची चौकोनी नळी आणून सांगाडा आणि हँगर (ज्यांना पाटे टांगलेले असतात ते कोयंडे) यांच्यामध्ये घरीच वेल्ड केली. गॅरेजमधले मिग वेल्डिंगचे यंत्र, दोन जॅक आणि मदतीला शेजारी, एवढ्यात तीन इंच उंची मिळाली. कार्यशाळा याच कामाचे अवाच्या सवा पैसे मागतात.

चिंचवडकर

आपले यंत्र १२० व्होल्टचे घरगुती आहे की २४० चे? हे मी रागाने विचारत आहे आणि तो राग लपवणार नाही. मी चिंचवडला जड ट्रेलरच्या जोडकामावर वाढलो आणि येथेही तेच काम करतो. पाव इंच जाडीच्या पोलादात १२० व्होल्टच्या यंत्राचा वेल्ड वरवर चिकटतो, आत उतरत नाही, आणि रंग दिल्यावर तो चांगल्या वेल्डसारखाच दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जोडॲक्सलचा ट्रेलर अरुंद जागेत वळवताना किंवा मागे घेताना चाके आडवी घासली जातात आणि तो सगळा आडवा जोर हँगरवर येतो. हँगर तीन इंच खाली गेला की त्या जोराची तरफही तीन इंच लांबते. डाव्या-उजव्या हँगरना जोडणारी आडवी पट्टी घातली नसेल, तर ते बाहेर फाकतात आणि शेवटी सांगाड्याचा पातळ पत्रा फाटतो. तुमच्या मागून येणाऱ्या मोटारीत मुले बसलेली असतात.

मिसूरीकर

मी अभियंता आहे, मला आडवा जोर कळतो. आणि कार्यशाळांची थोरवी सांगू नका. माझ्या मेव्हण्याने पैसे मोजून एका कार्यशाळेत काम करून घेतले. तेथे वाकाचा ॲक्सल उलटा फिरवून पाट्यांखाली बसवला. ॲक्सलच्या नळीला मध्यभागी वर उचललेला वाक मुद्दाम दिलेला असतो, भार आल्यावर चाके सरळ उभी राहावीत म्हणून. तो वाक खाली गेल्यामुळे चाकांची वरची टोके आत झुकली आणि टायरांच्या आतल्या कडा पहिल्याच प्रवासात सोलून निघाल्या. परवाना असलेल्यांनी केलेले काम होते ते.

चिंचवडकर

तसे काम करणाऱ्यांना माझा आक्षेप आपल्यापेक्षा अधिक आहे. ॲक्सल कधीच उलटा करायचा नसतो. तो आहे तसाच ठेवून पाट्यांच्या नव्या बैठकी वरच्या बाजूला योग्य कोनात वेल्ड करायच्या असतात, पाटे ॲक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट टाकून नवे घालायचे असतात आणि थोडे अंतर चालवल्यावर ते पुन्हा आवळायचे असतात. त्याच वेळी शॅकलमधले (पाट्यांच्या टोकांच्या दुव्यांमधले) प्लॅस्टिकचे बुश काढून ब्राँझचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवावेत, कारण सगळे उघडलेलेच असते. वाईट कार्यशाळा असतात, एवढे मी मान्य करतो. त्यावरून गॅरेजमधला वेल्ड चांगला ठरत नाही. आडवी पट्टी घातली आहे का, याचे उत्तर आपण अद्याप दिलेले नाही.

मिसूरीकर

घातलेली नाही. यंत्र २४० व्होल्टचे आहे, त्यामुळे वेल्डबद्दलची आपली शंका मला मान्य नाही. पट्टीचे मात्र पाहतो. आपला सूर मला आवडलेला नाही, हेही नोंदवतो.

चिंचवडकर

सूर आवडला नाही तरी चालेल. दोन्ही बाजूंचे हँगर जोडा, आणि तोवर ट्रेलर अरुंद जागेत वळवू नका.

रानवाट

मूळ विषय माझा होता, म्हणून पुन्हा लिहितो. फ्रिजबद्दल कोणी मुद्दा काढण्याआधी सांगतो की गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला पातळी लागते ती उभे असताना. रस्त्यावर हिसक्यांमुळे आतला द्रव हलत राहतो, त्यामुळे तो आक्षेप येथे लागू होत नाही. बाकी, प्रत्येक ॲक्सल वेगळा तोललेला नाही, हे देवगडकरांचे म्हणणे बरोबर आहे आणि पुढच्या वेळी मी एक ॲक्सल पट्टीबाहेर ठेवून वजन करीन. टॉर्शन ॲक्सल असणाऱ्यांनी माझ्या लिखाणावर विसंबू नये, हेही लिहितो. परंतु माझ्या हौद्याच्या कडेवर आठ इंच मोकळे आहेत आणि माझे पाटे व बुश ठीक आहेत. मी हिच दोन इंच खाली घेणार आणि तेवढ्यावर थांबणार. ज्याच्याकडे जागा आहे त्याने सांगाड्याला वेल्ड लावण्याचे कारण मला अजूनही पटलेले नाही.

देवगडकर

आठ इंच असतील तर हिचच खाली घ्या, मीही तेच केले असते. हा आकडा पहिल्या लिखाणात दिला असतात तर मी उत्तर लिहिले नसते. सहा इंचांच्या आत जाऊ नका, आणि मोजताना ट्रेलरमध्ये प्रवासाचे पूर्ण सामान आणि टाकीत पाणी असू द्या. रिकामा ट्रेलर जोडलेला असला की पिकअपचा हौदा दीड-दोन इंच उंच उभा राहतो आणि सगळी मापे चुकतात.