मोठेपणी रान शिकताना : तुमचे अनुभव लिहा

मे संपत आला की ठाणे स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी दिसायला लागते. तीन वर्षांपूर्वी एका मावशींकडून मी पहिल्यांदाच दोन जुड्या घेतल्या. सोबत त्यांनी मूठभर हिरवी काकडं, म्हणजे काकडाच्या झाडाची फळं, दिली. "ही वाटून घाल बाई, नाहीतर घसा धरेल." मला वाटलं, चवीला असतील. घातली नाहीत. रात्रभर घशात सुया टोचत होत्या. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे खरोखरच सुईसारखे स्फटिक असतात, हे मागाहून वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा मावशींनी गिऱ्हाइकं थांबवून एक शेवळ सोललं, आतला पिवळा भाग नखाने काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे टाकायचं." तेव्हा मी ४३ वर्षांची होते. त्यानंतर दर पावसाळ्यात एक भाजी नीट शिकायची असं ठरवलंय. टाकळा झाला, भारंगी झाली, यंदा कुर्डू.

तुम्ही मोठेपणी रानातलं काय शिकलात? कोणाकडून? चुकलात कुठे? लहानसं असलं तरी लिहा.

मुरबाडहून

शाळेत शिकवतो. आमच्या जवळच्या ठाकरवाडीतल्या एका आजोबांकडे दोरी वळायला शिकतोय. केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची साल काढायची, पाण्यात भिजत ठेवायची, मऊ झाली की आतला तंतू सोडवायचा. इथपर्यंत सोपं. पुढे दोन पेड मांडीवर ठेवून तळव्याने एकाच दिशेने पिळायचे आणि लगेच एकमेकांवर उलट्या दिशेने पडू द्यायचे. पेडाचा पीळ सुटू पाहतो आणि दोघांचा मिळून उलटा पीळ त्याला सुटू देत नाही, म्हणून दोरी गाठ न मारताही टिकते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण वर्गात मी वीस वर्षं शिकवली. तिचा अर्थ हाताला कळला तो त्या ओटीवर. पहिले चार रविवार माझी दोरी वीतभर झाली की उकलायची. आजोबा रागावले नाहीत. "गुरुजी, हात ढिला सोडा," एवढंच म्हणायचे. नवा पेड जोडताना दोन्ही पेडांत एकाच जागी जोड द्यायचा नाही, तिथेच तुटते, हेही त्यांनी सांगून नाही, तुटू देऊन शिकवलं. आता माझ्या दोरीला बादली लटकते.

पुण्याहून

जुलैमध्ये खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. वरच्या पठारावर धुकं असं उतरलं की पुढचा माणूस दिसेना. आम्ही तासभर चालत राहिलो, तीच चूक. वाट हरवली की आधी बसायचं, पाणी प्यायचं, शेवटची ओळखीची खूण कुठे होती ते सगळ्यांनी आठवायचं. हे मला नंतर खिरेश्वरच्याच एका वाटाड्याने शिकवलं. आणखी एक: जाताना दर वळणावर मागे वळून बघायचं, कारण परतीची वाट उलटी दिसते. आकाश मोकळं असलं तर ध्रुव शोधायचा. त्याची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी, पुण्यात साधारण साडेअठरा अंश. हात ताठ करून एकावर एक ठेवलेल्या जेमतेम दोन मुठी. मी गच्चीवर रोज मोजायचो.

स्वीडनहून

इथे रानात फिरून बोरं, अळंबी गोळा करायचा हक्क सगळ्यांना आहे. शेजारच्या आजींनी मला तीन वर्षं एकच अळंबी दाखवली : कांतारेल. पिवळी, जर्दाळूसारखा वास, टोपीखाली सुटे पडदे नसून देठावर उतरणाऱ्या जाड घड्या. दुसरी शिकवा म्हटलं की म्हणायच्या, आधी हिला अंधारात ओळख. कारण याच जंगलात पांढरी विषारी अळंबी उगवते. ती खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही आणि त्रास सुरू होईपर्यंत यकृताला इजा व्हायला लागलेली असते. माझी आजी सावंतवाडीकडची. वारुळावरची अळंबी आणायला ती आम्हा पोरांना कधीच एकटं सोडायची नाही. आता कळतं का ते.

नाशिकहून

चकमकीने विस्तव पाडायला शिकलो. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि झाकणाला भोक पाडलेल्या डबीत कोळसा केलेलं सुती कापड. ठिणगी साध्या कापसावर विझते, या काळ्या कापडावर लाल ठिपका होऊन पसरते. फेब्रुवारी ते मे हे मी घराच्या अंगणातच करतो. त्या दिवसांत डोंगरावर गवत पेटलं तर वणवा आपल्या हातात राहत नाही.

चिपळूणहून

माझं एकच सांगणं. रानात किंवा शेतघरात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरते, चावलेलं पुष्कळदा दुखतही नाही. आमच्या घरात हे घडलंय. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला भाग हलू न देता सरळ दवाखान्यात, जिथे प्रतिविष मिळतं तिथे.

पेठ तालुक्यातून

मी एका शहरी शिबिरात मदतनीस होते. माणशी चार हजार रुपये घेतले आणि दिवसभर भाज्या, कंद, पाऊलखुणा दाखवणाऱ्या आमच्या वाडीतल्या काकूंना संध्याकाळी तीनशे हातावर टेकवले. शिकायला जरूर या, पण पैसे कोणाला पोचतात ते विचारा. रानातून गोळा करण्याचा या लोकांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मानला आहे. तुमची पिशवी भरली की कोणाची रिकामी राहते, तेही बघा. आणि अभयारण्यातलं काहीच उचलू नका.

कर्जतहून

करटोलीचा कंद रानातून आणून कुंपणाला लावला. दोन वर्षं वेल भरभरून फुलला, करटोलं एकही नाही. खत घातलं, पाणी कमी केलं, जास्त केलं. शेवटी कामाला येणाऱ्या कातकरी ताईंनी एक फूल उलटं करून दाखवलं. मागे गाठ नव्हती. "हा नर हाये ताई, याला कवा लागायचं?" मादीच्या फुलामागे बारीकसं काटेरी करटोलं आधीपासूनच असतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मादीचा कंद आणला, बदल्यात माझ्याकडची आंबेहळद नेली. यंदा गुरुवारी पहिली सात करटोली उतरली. चार त्यांच्या घरी दिली.