‘ब्लूज फॉर द रेड सन’ : हा अल्बम अजून जुना का वाटत नाही?

केळीबाग_रावेर
कायस या रॉक बँडचा हा १९९२ चा अल्बम चुलतभावाने दिला. आठ दिवस झाले, दुसरं काही लावलेलं नाही. काल दुपारी दोनला सावदा-रावेर रस्त्यावर, गाडीत भट्टी झालेली, तरी काच वर करून ऐकत राहिलो. शब्द फारसे कळत नाहीत. तरी हा त्या काळात अडकलेला का वाटत नाही? आणि गिटार एवढी जड कशी?

जनरेटरवाला_चोपडा
भाऊ, मी लग्नसराईत जनरेटर भाड्याने देतो, त्यामुळे माझं उत्तर त्याच बाजूने येईल.

ही पोरं कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टची. तिकडे जनरेटर घेऊन वाळवंटात जायचं आणि उघड्यावर वाजवायचं, अशा पार्ट्या होत. हॉलमध्ये भिंती खर्जाला आधार देतात. उघड्यावर भिंतच नाही, आणि बारीक सूर लांब जाईतो वाऱ्यावर विरतात. म्हणजे जाडी वाद्यातूनच काढावी लागते. बँडचा गिटारवाला जॉश होमी गिटारच्या तारा चार अर्धस्वर खाली उतरवायचा आणि गिटार बेस गिटारच्या अँपला (अँप्लिफायरला) लावायचा. सैल तारेला भरायला वेळ लागतो, तो वेळ या अल्बमने दिलाय.

हे मला कळलं ते यावलजवळच्या एका भरीत पार्टीत. जानेवारीतली रात्र, पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती. मी पाच केव्हीएचा जनरेटर नेलेला, दोन पोरांनी गिटार, ड्रम आणि बेसचा अँप आणला होता. सुरुवातीला ती वरच्या तारांवर भरभर वाजवत होती. पन्नास पावलांवर नुसती खरखर. मी म्हटलं, तारा उतरवा, गिटार बेसच्या अँपला जोडा, हळू घ्या. पहिला ठोका पडला तसं इंजिन दबलं, बल्ब मंद झाला, मग इंजिन सावरून वर आलं. आवाज पार केळीच्या बांधापर्यंत! घास हातात धरून माणसं वळून बघत होती.

घरी येऊन पहाटे अल्बम पुन्हा लावला. ब्रँट ब्यॉर्कचा ड्रम घाई का करत नाही, ते तेव्हा समजलं. वाळवंटाने त्यांना तसं वाजवायला लावलं. १९९२ चा शिक्का बसत नाही तो त्यामुळे, असं माझं मत.

तापीकाठ_७७
खरं शे भो. पण मला त्यांचाच १९९४ चा ‘वेलकम टू स्काय व्हॅली’ वरचढ वाटतो. मूळ सीडीवर दहा गाणी तीन सलग भागांत बांधली होती, मधलंच एक उचलायची सोय नाही. बसून ऐकावंच लागतं. निर्मितीत ख्रिस गॉसचा हात दोन्हीकडे आहे.

जनरेटरवाला_चोपडा
तो सुरेखच आहे, वाद नाही. पण ‘रेड सन’मध्ये निक ऑलिवेरीचा बेस कच्चा, धुळीने माखल्यासारखा आहे. मला तो कच्चेपणाच हवा असतो.

केळीबाग_रावेर
दादा, या आठवड्यात आम्हाला रात्रीची लाईट आहे. मोटर चालू करायला बाराला शेतात जातोय, स्पीकर सोबत नेतो.

जनरेटरवाला_चोपडा
न्या. पण स्पीकरजवळ बसू नका, बांधावर जाऊन ऐका.