मदत हवी आहे: श्रवण कॉर्टेक्स थंड केल्यावर मध्यमेंदूतला बदल नक्की कशामुळे?

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारतोय. उंदराच्या श्रवण कॉर्टेक्सवर (मेंदूच्या बाह्य थरातला ऐकण्याचा भाग) कूलिंग लूप (थंड पाणी फिरवणारी बारीक नळी) ठेवून त्याच बाजूच्या इन्फिरिअर कॉलिक्युलसमधून (मध्यमेंदूतलं श्रवणकेंद्र) पेशींच्या नोंदी घ्यायच्या आहेत. कॉर्टेक्स साधारण २० अंशांखाली गेला की तिथलं सिनॅप्टिक प्रसारण (पेशीकडून पेशीकडे संदेश जाणं) जवळपास थांबतं, इथवर ठीक.

अडचण अशी की उंदराचा मेंदू लहान. गारवा कॉलिक्युलसपर्यंत झिरपला, तर तिथल्या पेशी त्यामुळेच मंदावतात आणि तो कॉर्टेक्सचा परिणाम वाटतो. त्यात मे महिन्यात खोली तापते, नळीतलं पाणी वाटेतच कोमट होतं. शरीर मात्र ३७ अंशांवरच ठेवायला हवं.

थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) कॉलिक्युलसच्या नेमक्या कोणत्या भागात ठेवावा? कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातून उतरणारे तंतू मुख्यतः कॉलिक्युलसच्या डॉर्सल (वरच्या) आणि बाहेरच्या भागात जातात, मध्यवर्ती केंद्रकात कमी. म्हणून केंद्रकातल्या सगळ्याच पेशींची लेटन्सी (आवाजानंतर प्रतिसाद यायला लागणारा वेळ) सारखीच वाढली, तर मला गारव्याचाच संशय येतो. ही कसोटी पुरेशी आहे का?

कूलिंगऐवजी मस्किमॉल (पेशी शांत करणारं औषध) वापरावं, तर त्याचा असर तासन् तास टिकतो, त्यामुळे त्याच पेशीची पूर्ववत झाल्यावरची नोंद मिळणं अवघड. आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली कॉर्टेक्स आधीच दबलेला असतो. जागृत, डोकं स्थिर केलेल्या उंदरावर कूलिंग कुणी केलंय का? नळीला इन्सुलेशन कशाचं वापरलं?